तीच का ही गाडी?

दिवाळी जवळ आली की घरोघरी एक तत्त्वचर्चा सुरू होते, आणि ती तत्त्वचर्चा आहे हे बोलणाऱ्यांच्या गावीही नसते. माळ्यावरचे सामान खाली उतरलेले असते. गृहिणीच्या हातात झाडू असतो आणि तिचा मुद्दा असा असतो की, जी वस्तू वापरात नाही तिला घरात जागा नाही. गृहस्थांच्या हातात बंद पडलेला रेडिओ असतो. त्यांचे म्हणणे, ही वापरात नाही कारण ती बिघडली आहे. आणि बिघडलेली वस्तू म्हणजे संपलेली वस्तू नव्हे. (पुष्कळ घरांत या भूमिका उलट असतात, हेही सांगून ठेवतो.) दोन्ही बाजू तर्काला धरून असल्यामुळे चर्चेचा निकाल लागत नाही आणि रेडिओ पुन्हा माळ्यावर जातो.

रेडिओचे ठीक आहे. तो माळ्यावर मावतो. ज्याच्या अंगणात जुनी पिकअप उभी आहे त्याने काय करावे?

हा प्रश्न मी कल्पनेने काढलेला नाही. आमचे मनीषनगर म्हणजे नागपूरच्या दक्षिणेची, वर्धा मार्ग आणि बेसा यांच्या मधली वस्ती. पूर्वी वर्धा मार्गावरून इकडे यायचे तर रेल्वेच्या फाटकावर तपश्चर्या करावी लागे. २०२० साली पूल झाला आणि ती तपश्चर्या संपली. इथे एकेकाळी लेआउट पडले, लोकांनी प्लॉट घेऊन टुमदार घरे बांधली, घरापुढे पेरूची-सीताफळाची झाडे लावली. आता त्यातली पुष्कळ घरे पाडून तिथे चारमजली इमारती झाल्या आहेत. पण अजून काही जुनी घरे कंपाउंडसकट टिकून आहेत, आणि त्यांतल्या एका कंपाउंडमध्ये महिंद्रची एक पिकअप उभी असते. तिचे मालक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. काटोलकडे त्यांची थोडी संत्र्याची बाग आहे. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू.

ही गाडी त्यांनी १९९०च्या दशकात घेतली. आंबिया बहाराची आणि मृगाची किती संत्री तिने कळमन्याच्या बाजारात नेऊन टाकली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. लग्नाच्या वेळी हिच्याच हौद्यात वऱ्हाडाच्या गाद्या आल्या. गल्लीतल्या तीन-चार बिऱ्हाडांचे सामान हिनेच हलवले. आता बागेचा माल व्यापारी परस्पर उचलतो, त्यामुळे गाडीला काम उरले नाही. आणि काम उरले नाही तेव्हाच काकाजींनी तिची खरी सेवा सुरू केली, हा त्यातला विरोधाभास आहे. रोज सकाळी उन्हे चढायच्या आत ते आणि त्यांचा पुतण्या कंपाउंडमध्ये पोते अंथरून बसतात. नागपूरचा उन्हाळा ठाऊक असलेल्यांना हे सांगायला नको की मे महिन्यात दहानंतर लोखंडाला हात लावता येत नाही. याच शहरात २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. डिझेलच्या तसराळ्यात नटबोल्ट भिजत पडलेले असतात. जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली लाकडी ठोकळे लावलेले असतात. कारण जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नये, हा काकाजींच्या घरचा पहिला नियम आहे.

गेल्या काही वर्षांत या गाडीचे काय काय बदलले, याची यादी त्यांनी मला हौसेने सांगितली. रेडिएटरची जाळी नवी. क्लच प्लेट दोनदा. पुढच्या चाकांचे किंगपिन आणि बुश. ब्रेकचे लायनर तर किती वेळा, ते त्यांनाच आठवत नाही. हौद्याचा पत्रा खालून गंजला होता, तो कापून नवा जोडला; आमच्याकडची काळी चिकट माती चेसिसच्या खाचांत बसते, पावसाळाभर ओल धरून ठेवते आणि लोखंड खाते. केबिनचे दरवाजे दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या गाडीचे. इंजिन एकदा पूर्ण उघडून पिस्टन, रिंगा, लायनर सारे नवे टाकले. एवढे सांगून झाल्यावर ते गाडीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "पण गाडी तीच आहे बरं! एमएच एकतीस."

इथे माझे डोके चालू लागले. कोणती तीच?

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्येकडे राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे आपला मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद बौद्ध वाङ्मयात प्रसिद्ध आहे. राजा रथात बसून आला होता. नागसेनाने त्याला विचारले, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू, दांडी, साटा? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मग हे सगळे सोडून रथ म्हणून आणखी काही आहे का? त्यालाही राजाने नाही म्हटले. तेव्हा भिक्षूने त्याला धरले: मग महाराज, तुम्ही आलात कशात? रथ हे या साऱ्या भागांच्या जुळणीला व्यवहारापुरते दिलेले नाव आहे, आणि माणसाचेही तसेच, असा त्याचा निष्कर्ष. ज्या नागपुरात १९५६ साली १४ ऑक्टोबरला लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या शहरात हा संवाद परका वाटू नये. डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) १९५० साली काढलेले महाविद्यालय याच राजाच्या नावाने, मिलिंद महाविद्यालय म्हणून, ओळखले जाते.

तिकडे ग्रीकांनीही हाच प्रश्न नावेवरून घातला. थीसियसची नाव अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवली होती आणि कुजलेली फळी काढून तिथे नवी बसवीत होते. ती नाव तीच की दुसरी यावर पंडितांत दोन तट होते, असे प्लूटार्कने नमूद केले आहे. आमच्या नैयायिकांचे आणि वैशेषिकांचे उत्तर तर फारच कडक. त्यांच्या मते वस्त्र हे धाग्यांहून वेगळे असे एक द्रव्य आहे खरे. पण त्यातला एक धागा जरी निघाला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन नवे उत्पन्न होते. या हिशेबाने काकाजींनी क्लच प्लेट बदलली त्या दिवशी एक गाडी वारली आणि दुसरी जन्मली, आणि या सुतक-सोहेराची कोणाला वार्ताही लागली नाही.

परिवहन खात्याला मात्र इतका वेळ नसतो. त्याने हा प्रश्न एका फटक्यात सोडवला आहे. चेसिसवर ठोकलेला क्रमांक म्हणजे गाडी. इंजिन बदलता येते. त्यासाठी रीतसर परवानगी घ्यावी लागते आणि नोंदणीपुस्तकात नवा क्रमांक चढतो. रंग बदलता येतो, पण त्याचीही नोंद करावी लागते. चेसिसचा क्रमांक मात्र आत्म्यासारखा. त्याला हात लावला की तो गुन्हा. मिलिंद राजाच्या पदरी एखादा परिवहन अधिकारी असता तर नागसेनाची मोठी पंचाईत झाली असती.

गंमत सोडून देऊ. मला वाटते या तिन्ही-चारी उत्तरांत एक गोष्ट राहून जाते. 'तीच' हा शब्द आपण वस्तूंच्या बाबतीत एकाच अर्थाने वापरीत नाही. आमच्या नागपुरात जमशेटजी टाटांनी १८७७च्या १ जानेवारीला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, कापडाची गिरणी सुरू केली आणि तिला एम्प्रेस मिल हे नाव दिले. शंभर वर्षांहून अधिक काळ तिच्या भोंग्यावर अर्धे शहर उठले. आता गिरणी नाही. तिच्या जागेवर एम्प्रेस नावाचा झगमगीत मॉल आहे. नाव तेच, जमीन तीच, आणि तरी तिथे मिल आहे असे कोणी म्हणणार नाही. याच्या उलट महिंद्र कंपनीच घ्या. १९४५ साली तिचे नाव महिंद्र अँड मोहम्मद होते. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. नाव बदलले, एक भागीदार गेला, आणि तरी ती तीच कंपनी आहे याविषयी कोणालाही शंका आली नाही. म्हणजे नाव टिकून वस्तू जाऊ शकते आणि नाव जाऊन वस्तू टिकू शकते. टिकते ते काम. जी गोष्ट जे करीत होती तेच करीत राहिली, आणि ते करणाऱ्यांची साखळी मध्येच तुटली नाही, तर आपले मन तिला 'तीच' म्हणते.

या न्यायाने काकाजींची पिकअप अडचणीत येते. तिचे काम सुटले आहे. ती आता संत्री नेत नाही; महिन्यातून एकदा काटोलला जाऊन येते आणि बाकीचे दिवस दुरुस्त होत असते. मी हे त्यांना बोलून दाखवले नाही. सगळ्याच गोष्टी शेजाऱ्याला बोलून दाखवायच्या नसतात.

पण याहून गंभीर भाग पुढे आहे. काकाजींचा पुतण्या बावीस-तेवीस वर्षांचा. त्याला गाडी दुरुस्त करण्यात गोडी नाही, बदलण्यात आहे. त्याला तिची उंची वाढवायची आहे, रुंद टायर घालायचे आहेत, पुढे लोखंडी नळ्यांचा जाड कठडा लावायचा आहे, वर चार दिवे. जुने आणि नवे यांतले नेहमीचे भांडण म्हणून आपण हे सोडून देऊ. पण जरा थांबून पाहिले तर दुरुस्ती आणि फेरबदल ही दोन निरनिराळ्या वृत्तींची कामे आहेत असे दिसते. दुरुस्ती करणारा दुसऱ्याचा हेतू पाळतो. कारखान्यात कोणा अनामिक माणसाने हा बोल्ट इतक्या जोराने आवळावा असे ठरवले. दुरुस्ती करणारा त्याचे ऐकतो. त्यात एक प्रकारची नम्रता आहे. फेरबदल करणारा म्हणतो, तुझ्या हेतूपेक्षा माझा हेतू मोठा. त्यात धीटपणा आहे, आणि धीटपणाशिवाय जगात काही सुधारत नाही, हेही खरे. चाकाला धाव बसवणाऱ्या पहिल्या लोहाराने सुताराचे ऐकले असते तर?

पण हा धीटपणा कुठे घसरतो याचे एक उदाहरण मला या गाडीखालीच सापडले. मागच्या कमानीत पोलादी पाटे असतात, एकावर एक रचून मध्ये बोल्टने बांधलेले. गाडी कारखान्यातून आली तेव्हा जितके पाटे होते त्यापेक्षा आता दोन जास्त आहेत. ऐन संत्र्याच्या दिवसांत, पुष्कळ वर्षांपूर्वी, ते वाढवले होते. आमच्या भागातच काय, साऱ्या देशात मालाच्या गाड्यांना हे असे पाटे वाढवायची रीत आहे. जास्त माल भरला की कमान बसते, चाक हौद्याला घासते. दोन पाटे वाढवले की गाडी ताठ उभी राहते. वरून पाहणाऱ्याला वाटते, गाडी मजबूत झाली. वास्तविक मजबूत झाली ती फक्त कमान. ब्रेकचे ड्रम तेवढेच राहिले, आस तेवढाच, टायर तेवढेच, चेसिस तेवढीच. पूर्वी जास्त ओझे झाले की कमान बसून सांगायची, आता पुरे. तिचे ते सांगणेच आपण बंद केले. ओझे नाहीसे झाले नाही. ते न बोलणाऱ्या भागांवर सरकले. आणि ब्रेक हा असा भाग आहे की तो बोलतो तो एकदाच, उतारावर.

वाचकांपैकी ज्यांनी एकत्र कुटुंबे पाहिली आहेत त्यांना हा पाट्यांचा न्याय नवा नाही. घरात एक माणूस कणखर झाला की सगळे म्हणतात घर सावरले, आणि ओझे कोणाच्या तरी मुकाट पाठीवर जाऊन बसलेले असते.

कायद्याचा कडकपणा इथे समजतो. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्यातले ५२वे कलम सांगते की निर्मात्याने दिलेला आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे कलम असेच वाचावे असा निवाडा दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांचा दंड सांगितला. पुतण्याला हव्या असलेल्या लोखंडी कठड्यावर केंद्र सरकारने २०१७च्या डिसेंबरातच राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. कारण टक्कर झाली की गाडीच्या पुढच्या भागाने चेपून जोर गिळायचा असतो, कठडा तो जोर थेट चेसिसला आणि समोरच्या पादचाऱ्याला देतो. पुष्कळांना हा कायदा हौशी माणसाचा शत्रू वाटतो. मला तसे वाटत नाही. कायद्याचा प्रश्न साधा आहे: उद्या या गाडीखाली कोणी आले तर मी कोणाला विचारू? कारखान्याला, की तुला?

आणि मला वाटते, मिलिंद राजाच्या प्रश्नाचे आपल्या उपयोगाचे उत्तर याच दिशेला आहे. एकेक भाग बदलत जातो तेव्हा गाडी तीच राहते की नाही, यावर पंडितांनी वाद घालावा. पण एक गोष्ट निश्चित बदलत असते, ती म्हणजे तिची जबाबदारी. नवी गाडी दारात येते तेव्हा तिच्या प्रत्येक नटामागे कारखान्याचा शब्द असतो. आपण पहिला नट सोडवून पुन्हा आवळला की त्या नटापुरता तो शब्द संपतो आणि आपला सुरू होतो. तीस वर्षे असे करीत आल्यावर काकाजींच्या गाडीत कारखान्याचा शब्द जवळजवळ उरलेलाच नाही. ती खऱ्या अर्थाने त्यांची झाली आहे. पैसे भरून झाली नव्हती तितकी. हे मालकीचे सुख आहे, यात शंका नाही. पण ते घेताना जो ब्रेकच्या नळीतली हवा नीट काढीत नाही त्याला, माझ्या मते, त्या सुखाचा अधिकार नाही. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून ते काळे दिसो न दिसो, ठरलेल्या मुदतीत बदलावे लागते. हे कोणी पाहत नाही. दरवाजाचा रंग सगळे पाहतात. कोणता मालक आधी काय करतो यावरून त्याची परीक्षा होते.

आता धुराविषयी. हे प्रकरण मला सर्वांत अवघड वाटते, आणि त्यावर माझे मत ठाम असले तरी ते सुखाचे नाही. काकाजींच्या भिंतीला लागून जे घर आहे तिथल्या आजींना दमा आहे. ही गाडी थंडीत सकाळी चालू होते तेव्हा पांढरा-काळा धूर निघतो आणि तो भिंत मानीत नाही. आजींनी कधी तक्रार केली नाही. त्या फक्त खिडकी लावून घेतात. ती खिडकी लागल्याचा आवाज काकाजींना ऐकू येतो, हे मला ठाऊक आहे. कारण एकदा तो आवाज आल्यावर त्यांनी पुतण्याला इंजिन बंद करायला सांगितले आणि नंतर त्या दिवशी पाना हातात घेतला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी पंप आणि नोझल काढून कॅलिब्रेशनला नेले. त्या कामाला बरेच पैसे पडले. धूर पुष्कळ कमी झाला. संपला नाही.

संपणारही नाही. देशात २००० साली धुराचे नवे मानक आले, मग एकामागून एक कडक होत २०२०च्या १ एप्रिलपासून भारत स्टेज सहा लागू झाले. ही गाडी त्या साऱ्याच्या आधीची. तिचे इंजिन कितीही प्रेमाने बांधले तरी ते नव्यासारखे स्वच्छ होणार नाही; तिला हवे तर प्रदूषणाचे प्रमाणपत्र मिळेल, पण ते तिच्या काळाच्या मापाने. दुरुस्ती वस्तूला तिच्या जन्माच्या दिवसापर्यंत परत नेऊ शकते, त्यापलीकडे नाही. जुन्या वस्तूंच्या आम्हा भक्तांना ही मर्यादा मान्य करणे जड जाते.

सरकारने २०२१ साली जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण आणले. फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, ऑगस्टमध्ये आरंभ. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३पासून चालत नाही. खासगी गाड्यांना योग्यता सिद्ध केली तर राहता येते, शुल्क मात्र पुष्कळ वाढले. आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याने २०२२च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक व्यवस्था सुरू केली. त्यात मोटारगाड्याही आहेत. एक हात म्हणतो मोडीत घाल, दुसरा म्हणतो दुरुस्त करणे तुझा हक्क आहे. यात विसंगती आहे असे कोणी म्हणेल. मला ती आपल्या सगळ्यांच्या मनातली विसंगती वाटते. नवी गाडी करायला पोलाद वितळवावे लागते, रबर लागते, कोळसा जळतो, आणि तो धूर दुसऱ्या कोणत्या तरी गावच्या आजींच्या खिडकीशी जातो. तेव्हा जुनी गाडी टिकवणे हे नेहमी पाप नाही. पण जी गाडी रोज शंभर मैल शहरातून धावते तिच्या बाबतीत हा हिशेब लवकर उलटतो. महिन्यातून एकदा काटोलला जाणाऱ्या गाडीला राहू द्यावे, रोज धावणारीला निरोप द्यावा, असे माझे मत आहे.

हे मत देताना मला आमच्या चौकात भाजी घेऊन येणाऱ्या भावाची आठवण होते. त्याची पिकअप काकाजींच्या गाडीहून फार तरुण नसेल, आणि ती रोज धावते. पहाटे बाजारातून माल भरायचा, दुपारपर्यंत विकायचा. त्याला जुन्या गाडीविषयी कसलेही ममत्व नाही. नवी परवडत नाही म्हणून जुनी आहे, आणि ब्रेकचे काम पुढच्या महिन्यावर टाकलेले आहे, कारण या महिन्यात मुलीच्या शाळेचे पैसे भरायचे आहेत. त्याला जाऊन मी जबाबदारीचे तत्त्वज्ञान सांगू? ज्याला सवड आहे त्याची दुरुस्ती हा छंद होतो, आणि ज्याला सवड नाही त्याची दुरुस्ती ही टाळाटाळ ठरते. कायद्याच्या नजरेला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. त्याच्या गाडीचे ब्रेक काकाजींनी करून द्यावेत असे मी सुचवले. काकाजी म्हणाले, "करून देईन नं. पण उद्या काही झालं तर?" हा प्रश्न टाळण्यासाठी विचारलेला नव्हता, तो खराच प्रश्न होता. शेवटी लायनर आणि तेल यांचे पैसे काकाजींनी दिले आणि काम वर्धा मार्गावरच्या मिस्त्रीने केले. कारण त्याच्या दुकानावर पाटी आहे.

पुतण्याचे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यायचे असेल. कठडा आला नाही. उंची वाढली नाही. पण काकाजींनी एक गोष्ट त्याच्यावर सोपवली: मागच्या कमानीचे ते जास्तीचे दोन पाटे काढायचे. गाडी आता ओझे वाहत नाही, तेव्हा ते नुसते हाडे खिळखिळी करतात. मुलाने दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मागची चाके उतरवली, यू-बोल्ट सोडवले, गंजलेला मधला बोल्ट तासभर तेल पाजून मोकळा केला आणि पाटे वेगळे केले. ते हातात घेतल्यावर त्याला पहिल्यांदा कळले की लोखंड किती जड असते. खंडेनवमीला पाना-जॅकच्या पूजेत ते दोन पाटेही ठेवले होते, झेंडूच्या फुलांसकट.

हॉब्ज नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५५ साली त्या जुन्या नावेच्या प्रश्नात आणखी एक पेच टाकला: समजा, काढलेल्या साऱ्या जुन्या फळ्या कोणी गोळा केल्या आणि त्यांची पुन्हा नाव बांधली, तर खरी नाव कोणती? आमच्याकडे हा पेच पडत नाही, कारण काढलेल्या भागांतून आम्ही पुन्हा तीच वस्तू बांधीत बसत नाही. गाडीच्या पाट्याचे पोलाद चिवट असते, धार धरते. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसणारे लोहार असे पाटे वजनावर घेतात, भट्टीत लाल करतात, एकजण सांडशीने धरतो आणि त्याची बायको घण घालते. त्यांतून विळे होतात, कोयते होतात, कुऱ्हाडी होतात. काकाजींच्या दोन पाट्यांपैकी एक तसा गेला. त्याचे दोन विळे करून आणले आणि ते काटोलला बागेत वाळलेल्या फांद्या छाटायला दिले. दुसरा पाटा अजून कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभा आहे. त्याचे काय करायचे ते ठरलेले नाही.